निझोम-अकांचा अंगठा

पायाला कळलं नाही तर कानानं ऐकायचं, एवढा साधा निर्णय निझोमिद्दीन अकांनी त्या सकाळी चहाचा पियाला हातात धरून घेतला. यात कुणाला फसवायचा हेतू नव्हता. (असं ते आजही छातीवर हात ठेवून सांगतात. सांगताना बायकोकडे मात्र बघत नाहीत.)

त्याचं असं झालं. इस्तरवशनमध्ये हिवाळा तोंडावर आला होता आणि आमच्या मोहल्ल्यात घरोघरी संदल्या मांडल्या जात होत्या. जमिनीत खळगा, खळग्यात निखारे, वर बुटकं मेज, मेजावर भलीमोठी रजई आणि रजईखाली घरादाराचे पाय, एवढीच ती संदली. पण आमचा सगळा हिवाळा तिच्याभोवती जातो. वीज येते-जाते, संदली कुठे जात नाही. सोयरिकी तिथेच ठरतात, तिथेच फिसकटतात, आणि घरात कुणाचं किती चालतं हे कोण कुठल्या बाजूला बसतं त्यावरून कळतं. दारापासून सगळ्यात लांबची बाजू कर्त्या माणसाची. ती जागा आधी निझोम-अकांच्या वडिलांची होती, मग निझोम-अकांची झाली, आणि यंदा तर गश्तकची पहिली पाळीही त्यांच्याकडेच होती. गश्तक म्हणजे जुन्या मित्रांची हिवाळी बैठक, आळीपाळीनं एकेकाच्या घरी. यजमानानं वरच्या बाजूला ऐसपैस बसायचं, पाय निखाऱ्यांकडे सोडायचे, मित्रांना खाऊ घालायचं आणि बदल्यात त्यांचे टोमणे खायचे. निझोम-अका वर्षभर या दिवसाची वाट बघत होते.

आणि नेमकी हीच वेळ साधून दवाखान्यातल्या नव्या डॉक्टर परवोनाबाईंनी जाहीर केलं, की ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी पायाच्या नसा तपासून घेतल्याशिवाय संदलीत पाय घालायचा नाही.

बाईंचं काही चुकलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. रक्तात साखर वर्षानुवर्षं मुरली की पायांच्या नसा हळूहळू झोपी जातात. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस खूश असतो. मग एखाद्या संध्याकाळी संदलीत पाय भाजतो आणि त्याला पत्ताच लागत नाही. तो आपला गप्पा मारत बसतो. मागच्या हिवाळ्यात वरच्या आळीतल्या कुंभाराची दोन बोटं अशीच गेली. एवढं सगळं माहीत असून वरच्या साहेबांनी काय केलं? चौकात घराएवढा फलक लावला, त्यावर साखरेविरुद्ध युद्ध पुकारलं, फलकाखाली उभं राहून फोटो काढले आणि जेवायला निघून गेले. त्या जेवणात गोड काय काय होतं याची यादी मोहल्ल्यात अजून तोंडपाठ आहे. युद्धासाठी शस्त्र म्हणून परवोनाबाईंच्या हाती काय पडलं? एक नादकाटा. पोलादी, दोन पायांचा, आपटला की गुणगुणणारा. तोही त्यांचा एकटीचा नाही! कानाच्या डॉक्टरांबरोबर वाटून घ्यायचा. कानाचे डॉक्टर तो कपाटात कोंडून घरी जात, आणि बाई त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या बायकोशी दोन गोड शब्द बोलून, तो सोडवून आणत. मग हातात काटा घेऊन दारोदार फिरत. ही बाई चिकाटीची नसती तर मोहल्ल्यातली आणखी किती बोटं गेली असती, याचा हिशोब फलकवाल्यांनी द्यावा.

असो. तपासणी सोपी होती. काटा हाताच्या तळव्यावर आपटायचा, त्याचा दांडा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवायचा, आणि विचारायचं: ‘‘गुणगुण जाणवते का? थांबली की सांगा.’’

आता निझोम-अकांनाही साखर होती, हे सगळ्यांना माहीत होतं; पण त्यांच्या पायांची खरी हकीकत फक्त त्यांनाच ठाऊक होती. वसंतापासून त्यांची चप्पल पायातून निसटून अंगणात मागे राहायची आणि ते पुढे चालत मशिदीपर्यंत पोहोचायचे. लोक म्हणत, काय साधा माणूस आहे, अनवाणी येतो. निझोम-अका मान खाली घालून ही स्तुती स्वीकारत. पण ही भानगड त्यांनी कुणाला कधीच ओळखू दिली नव्हती आणि यापुढेही द्यायची नाही असं ठरवलं होतं. वरची जागा सोडायची? गश्तकमधल्या त्या वोहिद कसायाच्या देखत? ते शक्य नव्हतं.

पाय गेले असतील, पण कान शाबूत होते. आणि कान म्हणजे असे तसे नव्हेत. निवृत्त होईपर्यंत निझोम-अका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. सगळ्या शहराची बोलणी त्यांच्या कानांवरून जात. तार किंचित खरखरली तरी कुठल्या खांबावर बिघाड आहे ते बसल्या जागी सांगायचे. (आणि कोणाच्या घरात बिघाड आहे तेही. पण ते सांगायचे नाहीत, फक्त हसायचे, त्यामुळे अर्धं शहर त्यांना आधी सलाम करायचं.)

परवोनाबाई आल्या तेव्हा त्यांची तयारी पूर्ण होती.

‘‘या बेटी, या. खिडकी लावतो हं, वारा फार आहे.’’ खिडकी लागली. ‘‘आणि तो टीव्ही बंद कर गं, सनवबर.’’

‘‘बंदच आहे,’’ त्यांची बायको म्हणाली. ‘‘वीज कुठाय?’’

‘‘मग ती कोंबडी बाहेर काढ.’’

‘‘कोंबडीनं काय केलं?’’

‘‘डॉक्टर घरात आल्यावर कोंबडी शोभते का?’’

सनवबर-अपांनी कोंबडी बाहेर काढली आणि दाराशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. चौथ्या घरी करपलेली पोळी वासावरून ओळखणारी ही बाई. नवऱ्याला खिडकीचा वारा आजवर कधीच लागला नव्हता हे तिनं मनात टिपून ठेवलं.

‘‘डोळे मिटा, अमक,’’ बाई म्हणाल्या. (आमच्याकडे काकाला अमक म्हणतात.)

निझोम-अकांनी डोळे मिटले आणि कमरेतून इतके वाकले, की दाढी गुडघ्यावर आली.

‘‘सरळ बसा ना.’’

‘‘पाठ धरलीय बेटी. अशीच बरी वाटते.’’

टंऽऽ. काटा वाजला. अंगठ्यावर काहीतरी टेकलं असावं. (असावं, कारण अंगठ्याकडून बातमी नव्हती.) पण खालून एक बारीक गुणगुण वर आली, लांबच्या खांबावरच्या तारेसारखी, आणि निझोम-अकांच्या चेहऱ्यावर जुन्या नोकरीचं तेज पसरलं.

‘‘आहे... आहे... आहे... आता बारीक झाली... गेली!’’

बाईंनी दुसरा अंगठा तपासला. पुन्हा तेच. बाईंनी काटा स्वतःच्या बोटावर टेकवून बघितला, मग निझोम-अकांकडे बघितलं.

‘‘अमक, कमाल आहे. माझ्या बोटाला थांबल्यासारखं वाटतं त्यानंतरही तुमच्या अंगठ्याला कळतं! विशीतल्या पोराचे पाय आहेत तुमचे.’’

‘‘आमच्या घराण्यात पाय चांगलेच,’’ निझोम-अका विनयानं म्हणाले.

‘‘परवा यांच्या पायावर मी कढईचं झाकण पाडलं,’’ सनवबर-अपा दारातून म्हणाल्या, ‘‘तर म्हणाले, कसला आवाज झाला गं?’’

‘‘बायका काहीही बोलतात,’’ निझोम-अका म्हणाले. ‘‘चहा घ्या डॉक्टर.’’

संदली त्याच दुपारी मांडली गेली. निझोम-अका वरच्या बाजूला बसले, उशा पाठीशी लावल्या, रजई पोटापर्यंत ओढली आणि पाय मोकळे सोडले. जिंकलेल्या माणसाला ऊब लागते ती काही वेगळीच. (त्यांना ती गुडघ्यापासून वरच लागत होती, पण लागत होती.) संध्याकाळच्या नमाजाआधी ते बायकोला गश्तकचा बेत समजावून सांगत होते. ओश, म्हणजे आमचा मांस-गाजराचा पुलाव, कसा व्हायला हवा, गाजर किती जाड चिरायचं, मांस वोहिदकडूनच घ्यायचं पण चरबी स्वतः बघून घ्यायची.

‘‘काहीतरी जळतंय,’’ सनवबर-अपा म्हणाल्या.

‘‘तुझा कांदा असेल.’’

‘‘चूल पेटवलेली नाही.’’

‘‘मग शेजारी असतील. त्यांच्या सुनेला स्वयंपाक येत नाही हे मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. लोकर जळल्यासारखा वास आहे, म्हणजे मेंढीचं डोकं भाजत असणार आणि तेही नीट न सोलता. तर मी काय सांगत होतो, गाजर...’’

सनवबर-अपांनी रजई वर केली. आतून धुराची एक लट आली आणि तिच्या मागोमाग निझोम-अकांचा डावा पाय दिसला. निखाऱ्यावर. मोज्याचं टोक काळं पडून लाल कडेनं आत आत जळत चाललं होतं, अगदी शांतपणे, जणू कुणी सिगारेट ओढत असावं.

पुढचा प्रकार फार लवकर झाला. अपांनी पाय ओढला, निझोम-अका उताणे पडले, चहाची किटली मोज्यावर रिकामी झाली. सुदैवानं चहा कोमट होता. मोजा निघाला. अंगठ्याच्या टोकाला नाण्याएवढा लाल डाग आणि वर पाणी भरलेला फोड.

‘‘मला कळलं होतं,’’ निझोम-अका छताकडे बघत म्हणाले.

‘‘काय कळलं होतं?’’

‘‘भाजतंय ते. सहन करत होतो.’’

‘‘कशासाठी?’’

‘‘पुरुष माणूस आहे,’’ असं ते म्हणाले खरे, पण आवाजात जोर नव्हता. बायको मलम आणायला गेली तेव्हा त्यांनी पाय जवळ ओढून अंगठ्याकडे बघितलं. फोड दाबून बघितला. दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा दाबल्यासारखं वाटलं. कुंभाराची आठवण झाली. त्यांनी पायाची बोटं एकदा मोजून घेतली. तरीही बायको परत येईपर्यंत त्यांचा निर्धार ठाम झाला होता: हे कुणाला कळता कामा नये. गश्तक होईपर्यंत तरी नाही. एकदा वरच्या जागेवर बसून मित्रांना जेवू घातलं, की मग बघू.

बायकोनं मलम लावलं आणि जळका मोजा उचलून घेऊन गेली. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसानं इथेच सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात परवोनाबाई भेटल्या.

‘‘अमक, तुमची मदत हवी. लोक तपासणीला घाबरतात. उद्या एर्गाशच्या चायखान्यात या. सगळ्यांसमोर मी तुमचे पाय तपासते. निरोगी पाय कसे असतात ते लोकांना दिसू दे.’’

‘‘सगळ्यांसमोर?’’

‘‘तुमच्यासारखा अंगठा अख्ख्या मोहल्ल्यात नाही हो.’’

इथे शहाणा माणूस म्हणाला असता, उद्या मला बाहेरगावी जायचंय. पण स्तुती कानाला लागली आणि कान तर त्यांचा हळवा अवयव. शिवाय वोहिद तिथे असणारच. वोहिदला साखर होती, आणि वोहिदची तपासणी अजून व्हायची होती. निझोम-अकांनी नवे मोजे घातले, फोडावर पट्टी बांधली (‘‘नख कापताना लागलं’’ हे उत्तर तयार ठेवून) आणि निघाले.

चायखाना भरलेला होता. डॉमिनोच्या सोंगट्या आपटत होत्या, पियाले खणखणत होते, एर्गाश आरडाओरडा करत होता. निझोम-अका क्षणभर गोंधळले. एवढ्या गलबल्यात गुणगुण ऐकू कशी येणार? पण त्यांनी बाकावर चढून हात वर केला.

‘‘भावांनो! डॉक्टर इथे विज्ञानाचं काम करणार आहेत. एकानंही आवाज करायचा नाही. श्वाससुद्धा नाकानं.’’

‘‘बघा, पायाचा डॉक्टर आला,’’ वोहिद म्हणाला. ‘‘काय रे निझोम, अंगठ्याची मिरवणूक काढायची का? ढोलवाल्याला बोलावू?’’

‘‘तू स्वतःचा अंगठा सांभाळ.’’

‘‘माझा अंगठा तराजूवर असतो, सगळ्यांना माहीत आहे.’’

लोक हसले, पण मग गप्प झाले. कधी नव्हे ती एर्गाशच्या चायखान्यात शांतता पसरली. निझोम-अका खूश झाले. मोजा काढला, डोळे मिटले, वाकले.

टंऽऽ. आणि पाठोपाठ ती बारीक, खर्जातली गुणगुण. आज तर परवापेक्षा स्वच्छ!

‘‘आहे,’’ निझोम-अका म्हणाले.

‘‘छान. थांबली की सांगा,’’ बाई म्हणाल्या.

‘‘आहे... आहे... चांगलीच आहे.’’

डोळे मिटलेल्या माणसाला जे दिसत नव्हतं ते बाकी सगळ्यांना दिसत होतं. बाईंनी काटा अंगठ्यावर टेकवलाच नव्हता. आपटला, मुठीत धरून गप्प केला आणि पिशवीत टाकला. पिशवीचा बंद बांधला. मग एर्गाशनं पुढे केलेला चहाचा पियाला घेतला आणि शांतपणे घोट घ्यायला लागल्या. कोपऱ्यात एर्गाशच्या आजोबांच्या वेळचा फ्रीज एका सुरात घुमत होता.

‘‘अजून आहे,’’ निझोम-अका म्हणाले. ‘‘डॉक्टर, आज जरा जोरात आपटलात वाटतं.’’

‘‘जोरात का? पायाला कुठे जाणवतेय?’’

‘‘कुठे म्हणजे? अंगठ्यातून निघून अशी घोट्याला वळसा घालते आणि मग गुडघ्यापर्यंत येते. काय सांगू, मधाच्या पोळ्यात पाय ठेवल्यासारखं वाटतंय!’’

वोहिदनं तोंडात फडकं कोंबलं. कुणीतरी जमिनीवर बसून पोट धरलं. पण आवाज कुणी काढला नाही, कारण बाई डोळे वटारून सगळ्यांकडे बघत होत्या.

‘‘अजून, अमक?’’

‘‘अजून. ज्यांना जाणवत नाही त्यांनी बघावं म्हणावं. मन एकाग्र करावं लागतं. माणसाचं आयुष्य सरळ असेल तर नसाही सरळ राहतात. मी कधी...’’

इतक्यात फ्रीज खडखडला, एक आचका दिला आणि बंद पडला.

‘‘थांबली!’’ निझोम-अका विजयानं ओरडले आणि डोळे उघडले.

त्या क्षणी चायखान्यात जो हशा फुटला त्यानं छपरावरची कबुतरं उडाली. निझोम-अका आधी हसणाऱ्यांबरोबर हसले, मग कशाला हसतायत म्हणून शोधू लागले. बाईंचे दोन्ही हात पियाल्याभोवती होते. काटा कुठे दिसेना.

‘‘काटा?’’

‘‘पिशवीत आहे, अमक. केव्हाचा.’’ बाईंनी पिशवीचा बंद सोडला, आणि काट्याच्या आधी बाहेर आला एक मोजा. टोक जळून गेलेला. ‘‘आणि हा तुमचा ना? सनवबर-अपा काल दवाखान्यात देऊन गेल्या. म्हणाल्या, डॉक्टर, आमच्या घरी तपासलेत ते पाय नव्हते, कान होते.’’

वोहिद आता जमिनीवर लोळायच्या बेतात होता. ‘‘एर्गाश, तुझ्या फ्रीजला साखर आहे का रे? डॉक्टरांना म्हणावं, त्यालाही तपासा!’’

‘‘वोहिद अमक,’’ बाई म्हणाल्या, ‘‘तुमचा मोजा काढा. आता तुमची पाळी.’’

वोहिदचं हसणं मधेच अडकलं. दुकानात मेंढी टांगून ठेवलीय, ती काढायला हवी, असं काहीतरी त्याच्या तोंडून निघालं. मग बाईंनी सगळ्या साखरवाल्यांना ओळीनं बसवलं, कानात कापूस घातला, डोळ्यांवर रुमाल बांधले, आणि कधी वाजता काटा टेकवला, कधी मुका. हसणारे एकेक करून गंभीर होत गेले. वोहिद मुक्या काट्यालाही ‘‘आहे, आहे’’ म्हणाला. एरवी तो बाईंच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देणार होता, असं त्यानं नंतर सांगितलं. कोण हळूच हातानं काटा चाचपणार होता, कोण अंदाजानं आकडे मोजणार होता. प्रत्येकाकडे एकेक युक्ती होती. पाय मात्र कुणाकडे नव्हते म्हणा ना.

बाई चिडल्या नाहीत. काटा पुसत एवढंच म्हणाल्या, ‘‘मला हरवून काय मिळणार आहे तुम्हाला? मी रात्री घरी जाते, अंगठा तुमच्याकडेच राहतो.’’

हे ऐकून बरेच जण आपापल्या पायांकडे बघत राहिले.

घरी आल्यावर निकाल लागायला वेळ लागला नाही.

‘‘संदलीत पाय घालायचा नाही,’’ सनवबर-अपांनी सांगितलं. ‘‘बाजूला मांडी घालून बसायचं, लोकरीचे मोजे घालून. दिवसातून दोन वेळा पाय मला दाखवायचे. तळवेसुद्धा.’’

‘‘आणि गश्तक?’’

‘‘होऊ दे की.’’

‘‘मित्र पाय घालून बसणार आणि मी यजमान असून बाहेर? पाहुणा म्हणून बोलावलंय का मला माझ्याच घरी?’’

‘‘धडधाकट बसा, म्हणजे झालं.’’

निझोम-अका हरणाऱ्यातले नव्हते. त्यांनी दिवसभर हुज्जत घातली, संध्याकाळी रुसले, सकाळी जेवण सोडलं (आणि दुपारी धरलं). शेवटी बाईंना मध्ये घालून तह झाला. गश्तकच्या एका संध्याकाळपुरते निखारे राखेनं झाकून मंद करायचे आणि निझोम-अकांनी वरच्या जागेवर बसून पाय रजईखाली, पण खळग्यापासून लांब ठेवायचे. अट एकच होती. बसण्याआधी सनवबर-अपा पाय तपासणार. फोड भरत आला होता. दुसरी एकही खूण, एकही ओरखडा पायाला दिसला, तर जागा गेली ती या हिवाळ्यापुरती नाही, कायमची.

‘‘मंजूर,’’ निझोम-अका म्हणाले. आता फक्त पाय जपायचे होते. गश्तकच्या दिवशी ते उंबरे ओलांडताना खाली बघून चालले, अंगणातले खडे झाडूनं स्वतः बाजूला केले.

फक्त सकाळी एक छोटीशी गोष्ट झाली. पाहुण्यांसाठी आणलेला हलवा आणि खडीसाखर सनवबर-अपांनी पेटीत कुलूप लावून ठेवली होती. त्या गोठ्यात गेल्या असताना निझोम-अकांनी किल्ली खुंटीवरून काढली. घ्यायचं फार नव्हतं, हलवा कसा झालाय एवढंच बघायचं होतं. इतक्यात पावलं वाजली, त्यांनी घाईघाईनं किल्ली कुठेतरी खुपसली, आणि मग कुठे ते काही केल्या आठवेना. खिशात नाही. उशीखाली नाही. दुपारी ते गुडघ्यांवर रांगत होते.

‘‘काय शोधताय?’’

‘‘चष्मा.’’

‘‘नाकावर आहे.’’

‘‘बरं झालं सांगितलंस.’’

संध्याकाळी मित्र आले. वोहिदसुद्धा आला, जाड लोकरी मोजे घालून, आणि संदलीपासून हातभर लांब बसला. कुणी त्याला हसलं नाही, कारण निम्मे तसेच बसले होते. निझोम-अका वरच्या जागेच्या कडेला उभे होते. मनातून त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. वोहिद बाहेर, आणि आपण आत!

सनवबर-अपा ओशचं मोठं ताट घेऊन दारात आल्या. वाफ, लसूण, जिरं, पिवळंधमक गाजर. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

‘‘आधी पाय,’’ अपा म्हणाल्या.

‘‘अगं, पाहुण्यांसमोर?’’

‘‘सकाळपासून तीनदा म्हटलं, तीनदा पळालात. पाय दिसल्याशिवाय ताट खाली ठेवणार नाही.’’

‘‘दाखव ना रे निझोम,’’ वोहिद कळवळून म्हणाला. ‘‘भात गार होतोय!’’

‘‘यंगा, पुढची पाळी माझ्या घरी आहे,’’ दुसरा आपल्या या वहिनीला म्हणाला, ‘‘तिथे माझे पाय बघा हवे तर, पण ताट तेवढं आत आणा.’’

सगळी बैठक एका सुरात ‘‘पाय! पाय!’’ करायला लागली. आणि निझोम-अकांना एकदम स्फुरण चढलं. घाबरायचं कशाला? दिवसभर एकेक पाऊल बघून टाकलं होतं. पायाला धूळसुद्धा लागू दिली नव्हती.

‘‘बघायचेत ना? बघा!’’ ते गादीवर बसले आणि पाय लांब केला. ‘‘सगळ्यांनी बघा! त्या काट्याला काय अक्कल असते? पाय माझे आहेत, त्यांना काय होतं, काय लागतं, ते मला कळतं. आत्तासुद्धा विचारा, या तळव्याखाली काय आहे? काहीही नाही!’’

अपांनी ताट वोहिदच्या हातात दिलं, गुडघ्यावर बसल्या आणि मोजा ओढला. मोज्याबरोबर काहीतरी निसटलं आणि फरशीवर टणकन पडलं. तळव्यावर पेटीच्या किल्लीचा छाप उमटला होता, दात, दांडा आणि वरच्या वेलबुट्टीसकट, मोहोर मारल्यासारखा.

अपांनी किल्ली उचलून उजेडात धरली.

आणि निझोम-अकांचा चेहरा आनंदानं फुलून आला.

‘‘अगं, हीच ती!’’ ते म्हणाले. ‘‘सकाळपासून शोधतोय मी हिला!’’